मशीनपुढचं गाऱ्हाणं

माझ्या भावाचे सासरे देवाशी जितक्या वेळा बोलले असतील, तितक्या वेळा एखाद्या देवळातला गुरवही बोलला नसेल, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक बोलणं विजेवर चालणाऱ्या वस्तूंबद्दल होतं. पंखा, मिक्सर, लिफ्ट, पाण्याचा पंप, माझ्या वहिनीचा फ्रिज, या सगळ्यांची वकिली त्यांनी देवापुढे केलेली आहे. कोकणात गाऱ्हाणं घालतात. म्हणजे सगळे जमले की एकानं देवापुढे उभं राहायचं आणि सगळ्यांच्या वतीनं मोठ्या आवाजात मागणं मांडायचं. तो श्वास घ्यायला थांबला की बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून होकार भरायचा. गावात हे सणासुदीला होतं. आमच्या व्याह्यांकडे ते दिवसाआड होई. त्यांचं म्हणणं असं, की जसा प्रत्येक गावाला, प्रत्येक वाटेला राखणदार असतो, तसा तो प्रत्येक मशीनलाही असतो. आपण त्याची विचारपूस करत नाही, म्हणून मशीनं बिघडतात. आता होकार भरायला माणसं लागतात, आणि मुंबईत ती हवी तेव्हा मिळत नाहीत. मग ते हाताला लागेल त्याला उभं करत. एकदा घाटकोपरला बँकेच्या एटीएममध्ये त्यांचं कार्ड अडकलं, तर त्यांनी दारावरच्या बिहारी रखवालदाराला शेजारी घेतलं आणि बजावलं, “तुमी फकत व्हय म्हाराजा म्हणा. बाकीचा मी सांभाळतंय.” त्या बिचाऱ्यानं दोन्ही हात जोडून तीनदा ‘होए महाराज’ म्हटलं आणि कार्ड बाहेर आलं. तेव्हापासून तो रखवालदार त्यांना बाबाजी म्हणतो आणि त्यांच्याकडून आशीर्वाद घेतो.

आमचं नातं जुळलं ते कारखान्यामुळे. अंधेरीला मरोळच्या बाजूला औषधाच्या गोळ्यांचा एक कारखाना आहे. तिथे मी ऑफिसात हजेरी-पगाराचं काम करते आणि व्याही खाली तपासणीच्या टेबलाचे प्रमुख होते. टेबल म्हणजे एक लांबलचक सरकता पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असत आणि समोरून गोळ्यांच्या पट्ट्या वाहत असत. एखाद्या घरात गोळी नसली, तुटकी असली, की ती पट्टी उचलून बाजूला टाकायची, एवढंच काम. डोळे पट्टीवर आणि तोंड मोकळं, त्यामुळे त्या टेबलावर जेवढं बोलणं झालं असेल तेवढं विधानसभेतही झालं नसेल. माझा भाऊ मला एकदा स्कूटरवरून सोडायला आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं शिक्षण, नोकरी आणि स्वभाव टेबलाला ठाऊक झाला होता, आणि चहाच्या वेळी तो व्याह्यांच्या मुलीला शोभेल, असं ठरूनही गेलं होतं. ही बातमी व्याह्यांना सगळ्यांत शेवटी कळली. त्यांनी ताबडतोब टेबलापाशीच गाऱ्हाणं घातलं, आणि वधूवरांना माहीतही नसताना बायकांनी होकार भरला.

लग्न झालं आणि माझी पंचाईत झाली. मुलीच्या बापानं मुलाकडच्या माणसांपुढे वाकून असावं, ही जुनी चाल त्यांच्या हाडात मुरलेली होती, आणि मी तर त्यांच्या मुलीची साक्षात नणंद. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, तरी मला ते ‘ताईनू’ म्हणत आणि मी दिसले की उठून उभे राहत. कारखान्यातसुद्धा! मी कागद घेऊन टेबलाजवळून जाऊ लागले की हे पट्टा सोडून हात जोडून उभे, आणि पट्ट्या आपल्या वाहतच राहत. सुपरवायझर ओरडे, “अहो काका, बसा! वाट लागेल मालाची!” हे म्हणत, “बसतंय, पण ताईनू जाव देत आधी.” शेवटी औषधांच्या काळजीपोटी मी मागच्या जिन्यानं, अख्ख्या इमारतीला वळसा घालून जाऊ लागले. त्याचाही त्यांनी वेगळाच अर्थ लावला आणि माझ्या आईकडे निरोप पाठवला, की आमच्या हातून काही चुकलं असेल तर पदरात घ्या. निरोपासोबत एक फणस होता. तो उचलायला दोन माणसं लागली.

आयुष्यभर पट्ट्यांतली रिकामी घरं शोधून शोधून त्यांच्या डोळ्यांना एक खोड लागली होती. जगात जे आहे ते त्यांना दिसतच नसे. जे नाही, ते लगेच दिसे. लग्नाच्या पंगतीत बसले की समोरच्या रांगेत कोणाच्या पानात मीठ वाढायचं राहिलंय ते यांना पहिल्यांदा कळे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझी आई हसून ‘या’ म्हणाली, तर हे पायरीवरच थांबले आणि माझ्याकडे वळून काळजीनं म्हणाले, “ताईनू, तुमच्या आवशीची उजवीकडची दाढ गेली वाटता.” आई त्यानंतर महिनाभर त्यांच्यापुढे तोंड मिटून हसली. माझ्या ऑफिसातला कॉम्प्युटर अडला तेव्हाही वरती धावत आले ते हेच. “बा देवा म्हाराजा, ताईनूंच्या ह्या काम्पुटराच्या वाटेत जो कोण आडवो इलो आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा!” आमच्या अख्ख्या विभागानं खुर्च्यांवरून ‘व्हय म्हाराजा’ केलं. कॉम्प्युटर सुरू झाला. तो आपसूक सुरू झाला असता असं दुरुस्तीवाला म्हणाला, पण त्याचं कोणी ऐकून घेतलं नाही.

मग ते मशीन आलं. दिसायला अगदीच साधं होतं, आमच्या वहिनीच्या फ्रिजपेक्षा जरा मोठं. त्याच्या पोटात कॅमेरे होते. पट्ट्या एका बाजूनं आत जात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येत, आणि जिच्यात खोट असेल तिला मशीन आपली आपण फुंकर मारून डब्यात उडवत असे. ते ना बोलायचं, ना उठायचं, ना त्याला कोणाच्या मुलीच्या लग्नाची काळजी. टेबलावरच्या बायका पहिल्या दिवशी त्याच्याभोवती जमल्या आणि नव्या सुनेकडे पाहावं तशा पाहत राहिल्या. परभणीकडच्या संगीताबाई टेबलावर सगळ्यांत जुन्या. त्यांनी तोंडातला पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाल्या, “म्हणजे आपलं टेबल उठलं म्हणायचं.” त्या टेबलावर एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनांची पूजा असते. नवे मॅनेजर आदल्या दिवशी माझ्याकडे आले. माणूस बाहेरचा, पण मनानं सरळ. आडव्यातिडव्या मराठीत म्हणाले, “मॅडम, तुमचे ते रिलेटिव आहेत ना, ते महाराजवालं करतात? नवीन मशीनसाठी करायला सांगा ना. लोकांना बरं वाटेल.” मी निरोप दिला तेव्हा टेबल भडकलं. “काका, सरळ नाही म्हणा,” एक जण म्हणाली. “आपल्याच मुळावर येणाऱ्याची आरती कशाला ओवाळायची?” दुसरी म्हणाली, “नाही कशाला? हो म्हणा, आणि असं मागा, की उद्याच्या उद्या बंद पडू दे मेलं.” व्याही घाबरून गेले. “नाय गो बायांनो. गाऱ्हाण्यात वायट मागूचा नसता. मागलेला फिरान आपल्याच दारात येता.” आणि मग माझ्याकडे पाहून, “ताईनूंनी सांगल्यानी म्हणजे घालूक होया.” मी फक्त निरोप्या होते हो! पण ते त्यांना पटवून देणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

पूजेच्या दिवशी मशीनला झेंडूचा हार घातला होता. मॅनेजरसाहेबांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं, की कोकणी माणसाला नारळाचं फार. म्हणून त्यांनी हौसेनं एक गोणीभर नारळ मागवले होते, प्रत्येक कामगाराच्या हातात एकेक प्रेमानं ठेवायचा म्हणून. रांग लागली. संगीताबाई पुढे होत्या. साहेबांनी हसतमुखानं नारळ पुढे केला आणि संगीताबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “मला नको.” त्यांच्यामागच्या बाईनंही हात पाठीमागे नेले. तिच्या मागचीनंही. बघता बघता सगळी रांग हात पाठीमागे बांधून उभी, जशी शाळेत शिक्षा झाल्यावर मुलं उभी राहतात. साहेब नारळ हातात धरून माझ्याकडे आले. “क्या हुआ मॅडम? कोकोनट चांगला नाही?” मी त्यांच्या कानात सांगितलं, की सर, आपल्याकडे हातात नारळ दिला म्हणजे माणसाला कामावरून काढलं, असा अर्थ होतो. साहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी ‘छे छे, तसं काही नाही’ म्हणायला हवं होतं. आम्ही सगळे त्याचीच वाट पाहत होतो. त्यांनी हातातल्या नारळाकडे पाहिलं, तो हळूच गोणीत परत ठेवला आणि रुमालानं हात पुसले. त्या क्षणी सगळ्यांना सगळं कळलं. तो साहेब खोटं बोलू शकला नाही याचा मला तेव्हा राग आला होता. आता तेवढा येत नाही.

अशा वेळी व्याही गाऱ्हाण्याला उभे राहिले. “बा देवा म्हाराजा! आज ह्या मशीन आमच्या दारात इला. पावण्यासारख्या इला. तेका कोणाची नजर लागा देव नको, रे म्हाराजा!” आणि ते थांबले. कोणीही होकार भरला नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. ते तसेच थांबून राहिले, घास हातात आणि तोंड उघडं राहावं तसे. शेवटी सगळ्यांच्या मागून, फार जबाबदारीनं, साहेबांचा एकट्याचा आवाज आला, “होय महाराज.” कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यातच दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. व्याह्यांचं धोतरासारखं सैल झालेलं अंग एकदम ताठ झालं. “देवा म्हाराजा, ह्या मशीनाक प्वाट नाय, पोरांबाळां नाय. तेचो काय दोष नाय. पण ज्या हातांतला काम ह्येना घेतला, त्या एकूणएक हातांक तू दुसरा काम दी! एकाक पण मागे ठेव नको, रे म्हाराजा!” आणि मग जो ‘व्हय म्हाराजा’ झाला, त्यानं वरचे पत्रे वाजले. संगीताबाईंच्या घरात देव नाहीत. त्या बुद्धवंदना म्हणणाऱ्या. पण सगळ्यांत वरचा आवाज त्यांचा होता. मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, “आम्ही देव नाही मानत ताई. काकांना मानतो.”

होळीच्या आत टेबल रिकामं झालं. कोणी वाईट वागलं नाही. सगळ्यांचं जे देणं होतं ते व्यवस्थित दिलं गेलं, चहासमोसेही झाले. साहेबांना वरून सांगितलं होतं, आणि वरच्यांना आणखी वरून. व्याहीही त्याच दिवशी घरी गेले. त्यांना पोटापाण्याची चिंता नव्हती, मुलगा मिळवता होता. माझी खुर्ची राहिली, कारण हजेरीचं माझं काम करणारं मशीन अजून आलेलं नाही, एवढंच. येणार आहे असं म्हणतात.

दुसरा कोणी असता तर घरी बसून देवाला दोष देत राहिला असता. व्याह्यांचा हिशेब निराळा होता. “गाऱ्हाणा मी घातलंय,” ते माझ्या आईला म्हणाले, “देवान नाय ऐकला तर बायांका तोंड कोणी दाखवूचा? मीच ना?” देवाच्या वतीनं जामीन राहिलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रोज सकाळी घाटकोपरच्या डोंगरावरून छत्री घेऊन उतरायचे आणि टेबलावरच्या बायकांसाठी काम शोधत मुंबईभर फिरायचे. मुलुंडला एका घरी बाळंतिणीजवळ बाई हवी होती. तिथे यांनी त्या घराचीच मुलाखत घेतली. बाळ रात्री किती रडतं, घरात माणसं किती, सासू स्वभावानं कशी, आणि हे शेवटचं सासूलाच विचारलं. दिंडोशीच्या कोर्टातल्या कँटीनला पोळ्या लाटणारी हवी होती. हे दारात जाऊन उभे राहिले तर एक वकील घाईघाईनं शेजारी आला. “केस कसली आहे, काका?” “पोळयेची,” हे म्हणाले. वकील थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, “लढवू.” वांद्र्याला एका मोठ्या ऑफिसात साफसफाईला बायका घेतात असं कळलं म्हणून तिकडेही गेले, पण काही न विचारताच परत आले. काचेतून त्यांना लादी पुसणारी एक गोल चकती आपली आपण फिरताना दिसली होती. मला म्हणाले, “थय पण मशीन इलेला आसा, ताईनू.”

एकेक करून लागल्या सगळ्या. कोणी बोरिवलीच्या इस्पितळात आया, कोणी म्हाताऱ्यांच्या सोबतीला, कोणी दुसऱ्यांच्या मुलांना शाळेत सोडायला. व्याही प्रत्येक वेळी पेढे घेऊन माझ्याकडे येत आणि मी तोंडभर अभिनंदन करत असे. पण खरं सांगू का, मला त्या पेढ्यांचं वाईट वाटे. कामं लागली, पण प्रत्येक बाई आता एका परक्या घरात एकटी होती. दिवसभर समोरासमोर बसून सासवा, सुना, नवरे, लग्नं आणि आजारपणं वाटून घेणारं जे काही होतं, ते कुठल्याच कँटीनमध्ये मिळण्यासारखं नव्हतं. मशीननं काम घेतलं, ते देवाकडे परत मागता येत होतं. टेबल मागायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

शेवटी एकट्या संगीताबाई राहिल्या. पन्नाशी उलटलेली, गुडघा धरलेला, आणि उभं राहण्याचं काम जमणार नाही. अशा बाईला कोण घेतं? व्याह्यांनी वैशाखाच्या उन्हात अख्खी मुंबई पालथी घातली. एकदा कुर्ल्याला रस्त्यातच त्यांना भोवळ आली आणि एका रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. वहिनीनं रडत मला फोन केला. “बाबा कोणाचं ऐकत नाहीत गं. तू सांग ना, तू नणंद आहेस, तुझं ऐकतील.” मी गेले, रागावले. ते उठून उभे राहिले, हात जोडून सगळं मान्य केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन बाहेर पडले.

त्याच आठवड्यात संगीताबाईंचा फोन आला. “ताई, काकांना कळवलंय मी. मला काम लागलं. कुर्ल्यातच, एका बाईंकडं, बसून भाजी निवडायची.”

“अरे वा! कुठं, कोणाकडे?”

“कुठंच नाही. तुम्ही फक्त बोलू नका काही.”

“संगीताबाई, अहो पण...”

“म्हातारा उन्हात मरंल ताई माझ्यापायी. माझं मी बघते.”

रविवारी व्याह्यांनी सगळं टेबल घरी बोलावलं. डोंगरावरच्या त्या दोन खोल्यांत बायका दाटीवाटीनं बसल्या, आणि बऱ्याच दिवसांनी एकदम बोलू लागल्या. व्याही नवा सदरा घालून उभे राहिले. “बा देवा म्हाराजा! जा मागला, ता तू दिलंस. एकाक पण मागे ठेवलंस नाय. तुजे उपकार, रे म्हाराजा!” मी संगीताबाईंकडे पाहिलं नाही, पण आवाज ऐकू आला. पहिला होकार त्यांचाच होता, चांगला खणखणीत. मीही भरला. खोट्याला होकार भरताना एवढं भरून येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

निघताना व्याही मला रिक्षापर्यंत सोडायला खाली आले. अर्ध्या वाटेत म्हणाले, “ताईनू, एक विचारू? आता उद्यापासून मी काय करू?”

इतके महिने मी त्यांना कामाच्या शोधात वणवण करणारा माणूस समजत होते. ती वणवणच त्यांचं काम होती, हे मला तेव्हा कळलं, आणि तेही आज संपलं होतं. एका वाक्यात ते मी त्यांना परत देऊ शकत होते. अजून एक बाई रिकामी आहे, एवढंच सांगायचं होतं. समोर त्यांचा उन्हानं रापलेला चेहरा होता. “आराम करा काका,” मी म्हटलं.

“आराम,” ते म्हणाले. “बरा. ताईनू सांगतत तर करूक होयो.” मला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला सांभाळून ने म्हणून सांगितलं. रिक्षा वळली तरी ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते. वर जाण्याची त्यांना काही घाई नव्हती.